साहेबांबद्दलच्या फॉर्ममध्ये काय लिहू?

गेजवाली (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. गाड्यांच्या ऑइल पंपाच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या आमच्याकडे मशीन होतात. यंदा पहिल्यांदाच एचआरने खालच्या माणसांकडून वरच्यांबद्दल फॉर्म भरून मागितलाय. रकाने दोनच. साहेबांचं काय चांगलं आणि साहेबांनी काय बदलावं. नाव गुप्त राहील म्हणतात, पण साहेब म्हणजे प्लांट हेड, आणि त्यांच्या थेट हाताखाली आम्ही पाच जणच आहोत. शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

पहिला रकाना दहा मिनिटांत भरून झाला. दुसऱ्यापाशी तीन दिवस अडलेय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच खूप आहे. पहिली पाळी सातची, साहेब पावणेसातला शॉपवर हजर. केबिनमध्ये न जाता थेट रिजेक्शनच्या लाल पेटीपाशी जातात, एकेक पार्ट उचलून कडा नखाने चाचपतात. मला बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, वाचायला त्यांनीच शिकवलं. मशीनमधून नुकता निघालेला पार्ट मोजायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. शंभर मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पार्ट दर अंशाला दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त फुगतो. पार्ट दहा अंशांनी गरम असेल तर तुझं माप वीसहून जास्त मायक्रॉन खोटं, मग टॉलरन्सला, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादेला, अर्थ काय उरला? बीई करून आलेल्या मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण गरम पार्ट आणि गार पार्ट माझ्या हातात देऊन दोन्ही मोजायला लावले ते साहेबांनी.

तीन वर्षांपूर्वी ग्राहकाकडे आमचा खराब माल गेला. साहेब रात्री अडीचपर्यंत आमच्याबरोबर टेबलाशी उभे राहून प्लग गेज (भोकात घालून माप बरोबर आहे का ते बघायचा दांडा) घेऊन माल निवडत होते. सकाळी ग्राहकाचा फोन आला तेव्हा 'चूक माझी आहे' एवढंच बोलले. ऑपरेटरचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

आता दुसरा रकाना. रोज सव्वासातला कामाचे आकडे लावलेल्या बोर्डासमोर उभ्याउभ्या मीटिंग असते. ज्याचा आकडा लाल, त्याची वीस माणसांसमोर उलटतपासणी. 'कारण नको, आकडा सांगा.' 'तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा.' पन्नाशीच्या माणसांना मी तिथे मान खाली घालून उभं राहिलेलं बघितलंय.

गेल्या महिन्यात एके सकाळी मी तिसऱ्या पाळीची चेकशीट बघत होते. सलग सहा नोंदी सारख्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. शाईचा एकच रंग, अक्षराचा तिरपेपणा एकच. मापं कधी अशी येत नाहीत, ती थोडी तरी हलतातच. खोदून विचारल्यावर कळलं की पहाटे चारला ऑपरेटरला फिक्स्चरचा (पार्ट मशीनवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प ढिला लागला होता. त्याने सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरने क्लॅम्प आवळून मशीन तशीच चालवली, परत सेटिंग तपासलं नाही आणि शीट आधीच्या नोंदी बघून भरून टाकली. ३४० पार्ट अडकवून ठेवावे लागले. सुपरवायझर निलंबित झाला.

त्याची चौदा वर्षांची नोकरी, एक डाग नाही. गेटपास जमा करून जाताना मला म्हणाला, "मॅडम, मशीन बंद केली असती तर सव्वासातला माझं काय झालं असतं ते तुम्ही रोज बघता."

हे लिहू का? लिहायचं तर कसं? ज्या माणसाने मला घडवलं त्याच्याबद्दल हे लिहायचंय, म्हणून हात थांबतोय.

तिसरी_पाळी (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, लिहू नका. पाच जणांत गुप्त काय राहणार? मी एकदा असाच फॉर्म खरा भरला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढच्या महिन्यात साहेबांनी माझंच वाक्य मला ऐकवलं, वर्षभर रात्रपाळी लागली. चांगलं तेवढं लिहा, दुसऱ्या रकान्यात 'साहेबांनी तब्येतीकडे लक्ष द्यावं' लिहा आणि मोकळ्या व्हा. घरात शिकणारी मुलं आहेत आपल्या.

रत्नांग्रीकर (सोमवार, रात्री ११:२०)

कडक साहेब म्हटलं की आमच्याकडे एकच नाव निघतं, ई. श्रीधरन. रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्याचं काम चालू होतं तेव्हा मी शाळेत होतो. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. सुरुंगाचा आवाज झाला की आजी देवासमोरचा दिवा सावरायची.

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ निघालं आणि त्याची सूत्रं त्यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदवर बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. पानवलचा पूल तर ६४ मीटर उंच. सह्याद्रीच्या पायथ्याशी, इथल्या पावसात. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. ज्यांनी आयुष्यभर बोटीने नाहीतर एसटीने मुंबई गाठली त्यांना विचारा, तो दिवस काय होता.

त्यांच्या साइटवर उलटी मोजणी करणारी घड्याळं असायची, किती दिवस उरले ते दाखवणारी. वेळेच्या बाबतीत माणूस अतिशय कडक. पण त्यांचं मोठेपण मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. पुढे ते दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. १२ जुलै २००९ ला तिथल्या कामावर जमरुदपूरला बांधकाम कोसळून कामगार दगावले. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी तो स्वीकारला नाही आणि ते कामावर परतले, ही पुढची गोष्ट. पण मुदतीचं घड्याळ सगळ्यांच्या डोक्यावर टांगणारा माणूस दोषाच्या वेळी स्वतः पुढे झाला.

तुमचे साहेबही ग्राहकाला 'चूक माझी' म्हणाले. हे पहिल्या रकान्यात अगदी वर लिहा.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७:५०)

रत्नांग्रीकर, तुम्ही अर्धंच सांगितलंत. जमरुदपूरला जिथे बांधकाम कोसळलं त्याच खांबाला काही महिने आधी तडा दिसला होता. त्यावर उपाय करून काम पुढे नेलं गेलं. आणि रत्नागिरी स्टेशनात कोकण रेल्वे बांधताना गेलेल्या कामगारांचं स्मारक आहे, तेही तुम्ही बघितलं असेलच. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हापुन्हा ढासळत होती आणि सगळा मार्ग त्या दीड किलोमीटरसाठी खोळंबला होता. तिथली माती घड्याळ बघून वागणार नव्हती. श्रीधरन मोठेच आहेत, माझं दुमत नाही. पण 'कडक होते म्हणून झालं' असं म्हटलं की प्रत्येक कारखान्यातला ओरडणारा माणूस स्वतःला श्रीधरन समजायला लागतो.

आता गेजवाली, तुम्हाला. सुपरवायझरबद्दल तुम्ही फार हळव्या झाल्या आहात. ऑइल पंप नीट चालला नाही तर इंजिन जाम होतं, घाटात होऊ शकतं. खोटी नोंद करणारा माणूस साहेबांना घाबरला होता म्हणून ती नोंद खरी होत नाही. भीती सगळ्यांनाच असते. ऑपरेटरलाही होती, तरी त्याने चार वाजता सांगितलंच ना? साहेबाच्या तोंडाचा दोष आणि सुपरवायझरच्या हाताचा दोष एकाच ओळीत लिहू नका.

गेजवाली (मंगळवार, दुपारी १:१५)

घाटमाथा, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि बराच वेळ तसाच डबा उघडा ठेवून बसले. निलंबन बरोबर आहे, चेकशीट मीच वर दिली. पण तुमच्याच वाक्याने मला दिसलं की ऑपरेटर बोलला, कारण त्याला सुपरवायझरला सांगायचं होतं. सुपरवायझरला सांगायचं होतं सव्वासातच्या बोर्डासमोर. बातमी एक पायरी चढली आणि दुसऱ्या पायरीवर अडकली. प्रत्येक पायरीवर बोलण्याची किंमत वेगळी आहे.

वॉर्डसिस्टर (मंगळवार, दुपारी ४:३०)

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून वीस वर्षं काढली. आमच्या एका इन्चार्ज सिस्टर फार कडक होत्या. इंजेक्शनच्या ट्रेवर लेबल तिरकं लागलेलं त्यांना दारातून दिसायचं. ड्युटी संपली तरी हँडओव्हर अर्धवट असेल तर घरी जाऊ द्यायच्या नाहीत. पण रात्री दोनला फोन केला तर पहिल्या रिंगला उचलायच्या आणि पहिला प्रश्न 'पेशंट कसा आहे?' हाच. कोणी केलं, ते सकाळी. एकदा माझ्या हातून सलाइनचा वेग चुकला. मी रडतरडत फोन केला. त्यांनी आधी काय बंद करायचं, काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगितलं. सकाळी एका कोपऱ्यात नेऊन असं बोलल्या की आजही कान तापतात. पण कोपऱ्यात नेऊन, वॉर्डच्या मधोमध नाही.

दुसऱ्या वॉर्डमध्ये इतक्याच कडक बाई होत्या, त्या सगळ्यांसमोर बोलायच्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये चुका कमी असायच्या. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं का ते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषधं देतानाच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं, निघालं उलटं. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथली माणसं चूक सांगत होती. एका प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला आमचे दोन वॉर्ड डोळ्यासमोर दिसले.

गेजवाली, तुमच्या साहेबांचा बोर्ड हिरवा असतो तेव्हा तो खरंच हिरवा असतो का, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

निवृत्त_शाखाधिकारी (मंगळवार, रात्री १०:१०)

मी इथे सहसा वाचतो, लिहीत नाही. पण या धाग्यावर बोलणं माझं कर्तव्य आहे, कारण गेजवालीताईंचे साहेब जसे आहेत तसा मी होतो.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेचा मॅनेजर होतो. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय शटर नाही, हा माझा नियम. वीस रुपये कमी आले तरी मी कॅशियरला समोर उभं करायचो. शाखेचं ऑडिट उत्तम निघायचं, वरून शाबासकी यायची आणि मला वाटायचं ही माझ्या शिस्तीची कमाई.

आमचे कॅशियर शांत गृहस्थ. दोन वर्षांत त्यांची कॅश एकदाही कमी आली नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभानंतर, सगळे गेल्यावर, त्यांच्या मिसेसनी मला सांगितलं की ते महिन्यातून दोनतीनदा खिशातून पैसे भरत होते. कधी पन्नास, कधी शंभर. माझ्यासमोर उभं राहण्यापेक्षा ते सोपं वाटायचं त्यांना.

ऐकून घरी आलो, जेवण गेलं नाही. पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. नंतरच्या कॅशियरने दुसऱ्याच महिन्यात तक्रार केली की बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या गड्ड्यांत नोटा शंभर भरत नाहीत, नव्याण्णवच निघतात. तेव्हा गड्डीला पिना मारलेल्या असायच्या (रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये पिना मारणं बंद करायला लावलं), त्यामुळे गर्दीच्या वेळी पूर्ण गड्डी सोडवून मोजणं अवघड. म्हणजे आधीच्या कॅशियरची तूट त्यांची नव्हतीच. पहिल्याच महिन्यात ते मला 'साहेब, कमी येतंय' म्हणाले असते तर आठवड्यात छडा लागला असता. त्यांनी सांगितलं नाही. माझी शाखा सगळ्या तालुक्यात चोख होती आणि माझ्या नाकाखाली दोन वर्षं चोरी चालली होती.

मी कॅशच्या बाबतीत कडक होतो याचा मला पस्तावा नाही. बँकेत कॅशच्या बाबतीत ढिला माणूस चालत नाही. कमी आलेली कॅश आणि ती सांगणारा माणूस या दोघांना मी एकच समजलो, याचा आहे. त्या गृहस्थांच्या घरी जाऊन पैसे द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत. चहा दिला.

ताई, मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर राग आला असता. नक्की आला असता. तरी सांगायला हवं होतं.

तिसरी_पाळी (मंगळवार, रात्री १०:४०)

काका, वाचून गप्प झालो. माझा वरचा सल्ला मागे घेतो असं नाही म्हणत, पोट सगळ्यांना आहे. पण तब्येतीचं वाक्य लिहू नका, ताई. ते खोटं होईल.

इतिहासाचा_मास्तर (बुधवार, सकाळी ६:३०)

शाळेत शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र शिकवतो, ते इथे फार जवळचं वाटलं. त्यात राज्याचा धनी कशाकशाची काळजी करतो बघा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा जपून वापरा, नाहीतर ऐन पावसाळ्यात संपेल आणि घोडी मरतील. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा तेवत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. यापेक्षा बारीक मागणी कुठला साहेब करणार?

पण प्रत्येक मागणीला कारण जोडलेलं आहे. गवत पेटलं तर घोडी मरतील, घोडी मेली तर ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागलात तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. वाचणाऱ्या हवालदाराला उंदीर दिसतो, वात दिसते, आग दिसते. उद्या वेगळाच धोका समोर आला तरी तो स्वतः विचार करू शकेल.

गेजवालीताई, गरम पार्ट आणि गार पार्ट हातात देणारे तुमचे साहेब अकरा वर्षांपूर्वी हेच करत होते. 'कारण नको, आकडा सांगा' म्हणणारे साहेब तेच आहेत ना? मग मधे काय झालं, असं त्यांना प्रेमाने विचारता येईल.

घाटमाथा (बुधवार, सकाळी ९:१०)

मास्तर, अनुमोदन. शाखाधिकारी काकांनाही नमस्कार.

गेजवाली, विशेषणं टाळा. 'रागीट', 'अपमानास्पद' असं लिहिलंत की साहेब त्या शब्दाशी भांडतील. वेळ, मशीन, नोंद, पार्टांची संख्या लिहा. आकडा मागणाऱ्या माणसाला आकडाच द्या.

गेजवाली (शुक्रवार, रात्री ८:५५)

मंडळी, आज फॉर्म दिला. काय झालं ते सांगते, तुमच्याशिवाय मला हे जमलं नसतं.

काल पाळी सुटल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, तुमच्याबद्दल लिहिलंय, तुम्ही आधी वाचा, मग एचआरला देते. खाली माझं नाव घातलं होतं. पहिल्या रकान्यात गार पार्ट, अडीच वाजेपर्यंतचं टेबल आणि ग्राहकाचा फोन. दुसऱ्या रकान्यात चार ओळी. पहाटे ४:०० ला क्लॅम्प ढिला असल्याचं सांगितलं गेलं. ७:०० पर्यंत मशीन चालली. ३४० पार्ट अडकले. गेल्या सहा महिन्यांत तिसऱ्या पाळीने स्वतःहून मशीन थांबवल्याची एकही नोंद नाही, पहिल्या पाळीच्या अकरा आहेत, कारण पहिल्या पाळीत साहेब स्वतः मशीनपाशी असतात आणि तिथे ते ओरडत नाहीत, क्लॅम्प बघायला वाकतात. हा शेवटचा आकडा मी बुधवारी बसून रजिस्टरमधून काढला. वॉर्डसिस्टर, तुमच्यामुळे सुचलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. "एकही नाही?" एवढंच विचारलं. मी रजिस्टर पुढे केलं. एकेक पान स्वतः उलटून बघितलं, वीसेक मिनिटं तरी. मग म्हणाले, "तू हे मला आधी का सांगितलं नाहीस?" मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बरं. कळलं." आवाज नेहमीचा नव्हता.

आज सव्वासातला बोर्डासमोर आधी आकडे विचारले नाहीत. 'रात्री कोणी काही थांबवलं का?' असं विचारलं. सगळे गप्प. मिनिटभर तरी कोणी बोललं नाही, मला वाटलं आता चिडतील. मग मागून एक पोरगा म्हणाला, चार नंबरच्या मशीनचा कूलंट पंप आवाज करतोय, दोन रात्री झाल्या. साहेब मीटिंग तिथेच सोडून चार नंबरला गेले. परत आल्यावर डिस्पॅचवाल्याला गाडी उशिरा लागली म्हणून सगळ्यांसमोर झापलं, ते झालंच.

सुपरवायझरची चौकशी पुढच्या बुधवारी आहे. चेकशीट मी दिली म्हणून मला साक्षीला बोलावलंय. खोटी नोंद झाली हे मी सांगणार आहे, आणि रजिस्टरची झेरॉक्सही सोबत नेणार आहे. साहेबांना तसं सांगितलं. म्हणाले, "ने."